देशोदेशीची गावे : डोंगराखालचे नॉरडाल

वाचकहो, घरात युरोपचा नकाशा असेल तर आज तो मुलांसमोर पसरावा. खंडाच्या वायव्य टोकाला नॉर्वे हा लांबट, चिंचोळा देश दिसेल. त्याचा पश्चिम किनारा उंदराने कुरतडलेल्या लुगड्याच्या काठासारखा जागोजागी तुटलेला आहे. त्या काठावर, ६२ व्या अक्षांशाजवळ, ओलेसुंड हे मासेमारीचे बंदर शोधावे. त्याच्या बाजूने समुद्राची एक शाखा डोंगरांमधून वाकडीतिकडी वळणे घेत शंभरएक किलोमीटर आत शिरते. तिचे नाव स्टोरफियॉर्ड, म्हणजे मोठा फियॉर्ड. ह्या शाखेला आत गेल्यावर बोटे फुटावीत तशा उपशाखा फुटतात, आणि त्यांपैकी पूर्वेकडच्या बोटांच्या टोकांशी जी चार-पाच गावे वसली आहेत, त्यांची मिळून १८३८ पासून १८२ वर्षे एक स्वतंत्र पंचक्रोशी होती. तिचे नाव नॉरडाल.

होती, असे म्हणण्याचे कारण आहे. १ जानेवारी २०२० रोजी ही पंचक्रोशी शासकीय दृष्ट्या संपुष्टात आली. गावे जागच्या जागी आहेत, नॉरडाल नावाचे एक गावही आहे. परंतु त्या नावाचा कारभार आता नाही. आजच्या सदरात ह्याच नाहीशा झालेल्या प्रदेशाची ओळख करून घ्यावयाची आहे.

प्रथम फियॉर्ड म्हणजे काय ते पाहू. आपल्याकडे समुद्राचे पाणी जमिनीत शिरले की आपण त्याला खाडी म्हणतो, आणि खाडी म्हटली की डोळ्यांपुढे चिखल, खारफुटी, भरती-ओहोटीबरोबर उघडे पडणारे काठ आणि तरीची होडी येते. फियॉर्ड ही खाडीच, पण तिचा घडविता निराळा आहे. हिमयुगात येथे जाडच जाड बर्फाचे थर होते. ते आपल्या भाराने सरकत राहिले आणि सरकताना त्यांनी कठीण खडकात खोल, उभ्या भिंतींचे चर खणले. सुमारे दहा हजार वर्षांपूर्वी बर्फ वितळला, आणि त्या चरांत समुद्र येऊन बसला. त्यामुळे काठ असा येथे फारसा नाहीच. पाण्यातून सरळ कडा उठतो तो हजार मीटरांपर्यंत जातो, आणि पाण्याखालीही तो तसाच शेकडो मीटर उतरतो. अटलांटिकमधील उबदार प्रवाहामुळे इतक्या उत्तरेला असूनही हे पाणी हिवाळ्यात सहसा गोठत नाही. रस्ते अगदी अलीकडचे. शेकडो वर्षे ह्या लोकांचा राजमार्ग पाणी हाच होता. चर्चला जावयाचे, लग्नाचे वऱ्हाड न्यावयाचे, की प्रेत पोहोचवावयाचे, तर होडी वल्हवावी लागे.

बर्फ गेला तेव्हा आणखी एक गोष्ट घडली. ज्या भिंतींना इतका काळ बर्फाचा टेकू होता, त्या एकाएकी निराधार उभ्या राहिल्या. त्यांच्यात भेगा पडल्या. भेगांत पाणी शिरते, थंडीत ते गोठून फुगते, भेग आणखी रुंदावते, उन्हाळ्यात पुन्हा पाणी भरते. हे चक्र दहा हजार वर्षे चालू आहे. फियॉर्डच्या तळाची पाहणी केली तेव्हा तेथे जुन्या दरडींचे ढीग कित्येक ठिकाणी आढळले. ह्या प्रदेशाच्या इतिहासात राजे, कायदे, रस्ते हे सर्व आहेच. परंतु त्या सर्वांच्या मागे हा दगड उभा आहे, आणि तो अधूनमधून आपले म्हणणे मांडतो.

नॉरडालचा लिखित इतिहासात पहिला ठळक उल्लेख येतो तोही दगडासंबंधीच. राजा ओलाव हा १०१५ पासून नॉर्वेवर राज्य करीत होता. डेन्मार्क आणि इंग्लंडचा सम्राट क्नूट ह्याने त्याच्या सरदारांना फोडले, आणि १०२८-२९ च्या हिवाळ्यात ओलाववर देश सोडून पळण्याची पाळी आली. तो जहाजांनी फियॉर्डमधून आत आत शिरला, आणि वालडाल नावाच्या दरीच्या मुखाशी, सिल्ते येथे, त्याने जहाजे सोडली. पुढचा मार्ग डोंगर ओलांडून जाणारा. पण दरीत दगडांचा एक अफाट ढिगारा पसरलेला होता आणि त्यातून घोडा काय, माणूसही जाणे कठीण होते. दरीतील प्रमुख शेतकरी ब्रुसे ह्याने राजाला तसे सांगितले. राजाने आपली माणसे कामाला लावली, दगड हटविले आणि वाट मोकळी केली. ही हकीकत आइसलंडचा इतिहासकार स्नोरी स्टुर्लसन ह्याने सुमारे दोनशे वर्षांनंतर लिहून ठेवली. तिच्यात चमत्काराचा अंश भरपूर आहे, कारण तोवर ओलाव संत झालेला होता. परंतु वाट अडविणारा तो दगडांचा ढीग मात्र खोटा नसावा. कधी तरी वरचा डोंगर कोसळल्यावाचून तो तेथे आला कसा?

ओलाव तेथून स्वीडनमार्गे कीव्हच्या यारोस्लावकडे गेला, १०३० मध्ये परत आला आणि स्तिकलेस्ताडच्या लढाईत पडला. सिल्तेच्या लोकांनी मात्र त्याला सोडले नाही. गावावरच्या कड्यात फिकट दगडाची एक नागमोडी शीर दिसते. राजाची वाट अडविणाऱ्या समुद्रसर्पाला त्याने उचलून डोंगरावर आपटले, त्याचीच ती खूण, असे तेथील आजी नातवंडांना सांगत आली आहे. आपल्याकडे पांडवांनी एका रात्रीत कोरलेली लेणी जागोजागी आहेत, त्यांतलाच हा प्रकार.

आता ह्या गावांतील संसाराकडे वळू. पंचक्रोशीचे क्षेत्रफळ सुमारे ९४० चौरस किलोमीटर होते, आणि अखेरच्या वर्षांत लोकवस्ती होती सोळा-सतराशे. म्हणजे चौरस किलोमीटरला दोन माणसेदेखील भरत नाहीत! बाकी सर्व कडे, हिमाच्छादित माथे आणि ओसाड पठारे. माणसे राहतात ती नदीने आणून टाकलेल्या मातीच्या लहानशा त्रिकोणांवर, जेथे दरी पाण्याला मिळते तेथे. वालडाल, ताफियॉर्ड, फ्योरो, एड्सडाल आणि नॉरडाल ही त्यांची नावे. नॉरडाल गावात १७८२ साली बांधलेले आठ कोनांचे लाकडी चर्च आजही उभे आहे. सिल्ते हे कारभाराचे ठाणे होते.

एवढ्याशा जमिनीवर पोट कसे भरावे? ह्याचे उत्तर गावात नव्हते, ते वर होते. उन्हाळा लागला की गुरे आणि शेळ्या डोंगरावरच्या कुरणांत नेत. तेथे लाकडाची खोपटी बांधलेली असत. अशा उन्हाळी वस्तीला नॉर्वेत 'सेतेर' म्हणतात. खालची जमीन हिवाळ्याच्या गवतासाठी राखून ठेवायची आणि जनावरांनी वरचे फुकटचे गवत खायचे, असा हा हिशोब. आमच्या वाचक भगिनींना विशेष वाटेल ती गोष्ट अशी, की ह्या वस्त्या बहुतांशी स्त्रियांच्या हाती असत. तरुण मुली आणि बाया आठवड्यांमागून आठवडे तेथे राहून दूध काढीत, लोणी घुसळीत, चीज करीत. नॉरडाल गावामागील हेरडालची वस्ती तीनशे वर्षांहून अधिक काळ चालत आली आहे, आणि अजूनही तेथे उन्हाळ्यात शेळ्या चरतात.

तेथील तपकिरी चीज हा पदार्थ आपल्या गृहिणींना नवा वाटणार नाही. दुधातून चोथा काढून घेतल्यावर जे पाणी उरते, ते येथे फेकून देत नाहीत. मोठ्या कढईत ते तासन्‌तास आटवितात. पाणी उडून जाते, दुधातील साखर तापून तिला रंग चढतो, आणि अखेरीस खव्यासारखा घट्ट गोळा होतो. तो साच्यात घालून थंड केला की झाली वडी. चव गोडसर-खारट, शेळीच्या दुधाची असेल तर किंचित उग्र. पातळ काप करून पावावर ठेवून खातात. ज्याच्याकडे थोडे आहे तो त्यातले काहीच वाया जाऊ देत नाही, एवढेच खरे त्यामागचे शास्त्र.

आणि एक आश्चर्य. वालडालची दरी स्ट्रॉबेरीसाठी नॉर्वेभर प्रसिद्ध आहे! महाबळेश्वरची स्ट्रॉबेरी खाणाऱ्यांना उत्तर ध्रुववृत्ताच्या इतक्या जवळ हे फळ कसे येते, असा प्रश्न पडेल. उन्हाळ्यात तेथे रात्र जवळजवळ होतच नाही, त्यामुळे पिकाला प्रकाश भरपूर मिळतो. शिवाय सागरी वारे डोंगरांनी अडविलेले असतात. आग्नेय-दक्षिणेकडून डोंगर ओलांडून येणारा वारा पलीकडे आपला पाऊस टाकून येतो आणि उतरताना दाबला जाऊन तापतो. ताफियॉर्ड गावात ६ नोव्हेंबर २००३ रोजी तपमान २१.८ अंशांपर्यंत चढले होते. नॉर्वेतील नोव्हेंबर महिन्यात ही गोष्ट म्हणजे आपल्याकडे वैशाखात गारठा पडावा तशी.

अशा ह्या विखुरलेल्या गावांचा एकत्र कारभार कसा सुरू झाला? १८३७ साली नॉर्वेच्या संसदेने स्थानिक स्वराज्याचा कायदा केला आणि पुढील वर्षाच्या १ जानेवारीपासून देशभर 'कोमुने' स्थापन झाल्या. नॉरडाल ही त्यांपैकीच एक. कोमुने हिला आपल्याकडे अचूक प्रतिशब्द नाही. वस्तीच्या मानाने ती ग्रामपंचायत, विस्ताराच्या मानाने तालुका, आणि जबाबदाऱ्या पाहिल्या तर त्याहून मोठी. शाळा, वृद्धांची देखभाल, पाणी, लहान रस्ते हे सर्व तिच्याकडे. आरंभी मताचा अधिकार मालमत्ता असलेल्या किंवा सरकारी पद धारण करणाऱ्या पुरुषांपुरता होता. तरीही, ज्यांना ओळखतो अशा माणसांनी आपला कारभार पाहावा, ही कल्पना ह्या दऱ्यांत रुजली, आणि चांगली रुजली.

विसाव्या शतकाबरोबर नवे जग ह्या डोंगरांत शिरले. ताफियॉर्डच्या वरच्या सरोवरांचे पाणी नळांतून खाली सोडून १९२० च्या दशकात वीज तयार होऊ लागली आणि ती ओलेसुंडपर्यंत जाऊ लागली. पुढे ह्याच खोऱ्यात ९६ मीटर उंचीचे कमानदार धरण उभे राहिले. वालडालच्या वरच्या टोकाकडून आन्दाल्सनेसकडे उतरणारा ट्रोलस्तीगेनचा घाट आठ वर्षे खपून तयार झाला. ३१ जुलै १९३६ रोजी राजा सातवा होकोन ह्याच्या हस्ते त्याचे उद्घाटन झाले. ह्या घाटाची प्रसिद्ध अकरा वळणे शेजारच्या रौमा कोमुनेच्या हद्दीत आहेत, हे नॉरडालकर जरा नाखुशीनेच मान्य करीत असतील! ह्याच मार्गावर गुडब्रान्सयुवे ही घळ आहे. वालडालची नदी तेथे जेमतेम पाच मीटर रुंदीच्या फटीतून वीस-पंचवीस मीटर खोल घुसते. पळवून आणलेल्या वधूसह गुडब्रांड नावाच्या माणसाने पाठलाग चुकविण्यासाठी ही घळ उडी मारून ओलांडली, म्हणून तिला त्याचे नाव, असे सांगतात.

परंतु घाट खुला होण्याच्या दोन वर्षे आधी, ह्या पंचक्रोशीवर जी रात्र आली, तिच्याविषयी थोडे सावकाश सांगितले पाहिजे.

ताफियॉर्ड आणि फ्योरो ही दोन गावे एकाच अरुंद फियॉर्डवर आहेत. त्यांच्या मधल्या भागात लांगहामारेन नावाचा कडा पाण्यावर लोंबल्यासारखा उभा होता. त्याच्यात भेग पडली आहे आणि ती रुंदावते आहे, हे गावकऱ्यांना ठाऊक होते. अधूनमधून लहान दगड निखळून पाण्यात पडत. पण भेग कोणत्या डोंगरात नसते? आजोबांनीही ती पाहिली होती. ती केव्हा तुटेल हे सांगणारे साधन कोणाजवळ नव्हते, आणि ते सांगावयाला बांधलेला असा अधिकारीही नव्हता. शिवाय कडा होता गावापासून दूर. कोसळलाच तर पाण्यात कोसळणार होता.

७ एप्रिल १९३४. शनिवारची पहाट, तीनचा सुमार. सगळे झोपेत असताना सुमारे ७०० मीटर उंचीवरून लांगहामारेनचा वीस लाख घनमीटर खडक सुटला आणि फियॉर्डमध्ये पडला. वीस लाख घनमीटर म्हणजे किती? दहा घनमीटरांची मालमोटार धरली तर दोन लाख मोटारी. तेवढा दगड काही क्षणांत पाण्यात शिरला. त्याने जे पाणी बाजूला सारले, ते जवळच्या डोंगरावर ६२ मीटरांपर्यंत चढले. वीस मजली इमारतीची उंची साधारण तेवढी असते.

उघड्या समुद्रात अशी लाट पसरत जाऊन विरते. येथे तिला पसरायला जागाच नव्हती. दोन्ही बाजूंना दगडी भिंती, आणि टोकाशी गाव. लाटेची गती पाण्याच्या खोलीवर अवलंबून असते. पाणी दोनशे मीटर खोल असेल तर ती ताशी १६० किलोमीटरांच्या आसपास धावते. त्यामुळे दरड कोसळण्याचा गडगडाट आणि लाट ह्यांत काही मिनिटांचेच अंतर होते. ताफियॉर्ड गावाशी लाट सुमारे १६ मीटर चढली. भिंतींवर आपटून पाणी परत फिरले आणि लाटा एकामागून एक येत राहिल्या. पहिलीहून नंतरची मोठी होती. पहिल्या लाटेनंतर जो जीव घेऊन वर पळाला तो वाचला. घरातले कोणी, गोठ्यातले जनावर किंवा कागदपत्र आणायला जो मागे वळला असेल, त्याचे काय झाले असेल ह्याची कल्पना करवत नाही. सिल्तेलाही सुमारे सात मीटरांची लाट पोहोचली. उजाडले तेव्हा घरे, नावा, गोठे, शेते ह्यांचा लाकूड-चिखलात एकच काला झालेला होता. ताफियॉर्डची २३ आणि फ्योरोची १७ माणसे गेली होती. एकूण ४०. ज्या वस्तीत प्रत्येकजण प्रत्येकाला नावाने ओळखतो, तेथे हा आकडा कसा वाटला असेल ते वाचकांनीच मनाशी ठरवावे.

ही आपत्ती एकटी नव्हती, हे येथे नमूद केले पाहिजे. ह्याच स्टोरफियॉर्डवर, स्ट्रांडा येथे, जानेवारी १७३१ मध्ये स्काफ्येल डोंगर कोसळून आलेल्या लाटेत १७ माणसे दगावली होती. दक्षिणेकडे लोएनच्या सरोवरात १९०५ साली रामनेफ्येल डोंगराचा भाग पडला आणि ६१ माणसे बुडाली. लोकांनी पुन्हा तेथेच घरे बांधली, आणि १९३६ साली त्याच डोंगराने आणखी ७४ माणसे घेतली. एकतीस वर्षांत तीन दरडी आणि १७५ माणसे. डोंगराची धमकी ठाऊक असताना लोक परत का जातात, असे दूर बसून विचारणे सोपे आहे. पण जमीन तेवढीच आहे. कुरण त्या डोंगरावर आहे, होडी ह्या पाण्यात आहे, आणि पूर्वजांची थडगी त्या चर्चच्या आवारात आहेत. ताफियॉर्डचे लोकही परतले. आज त्या गावात जायला कड्याच्या पोटातून पाच किलोमीटरांहून लांब बोगदा आहे.

पालट झाला तो भेगेकडे पाहण्याच्या रीतीत. शेजारच्या स्ट्रांडा कोमुनेत, गायरांगरकडे जाणाऱ्या फियॉर्डवर, ओकनेसेत नावाचा उतार आहे. त्याच्या माथ्यावर सुमारे ७०० मीटर लांबीची भेग असून ती दरवर्षी काही सेंटीमीटरांनी रुंदावते. लांगहामारेनहून वीस लाख घनमीटर सुटले होते. येथून १ कोटी ८० लाखांपासून ५ कोटी ४० लाख घनमीटरांपर्यंत खडक सुटू शकेल, असा तज्ज्ञांचा अंदाज होता. तसे घडले तर हेलेसिल्ट आणि गायरांगर ह्या गावांना लाट पोहोचायला पाच-दहा मिनिटे लागतील. ह्या जाणिवेने २००४ च्या सुमारास ओकनेसेत-ताफियॉर्ड योजना सुरू झाली, आणि तिच्यात नॉरडालचा धोकाही गणला गेला. कारण १९३४ ची दरड ज्या फियॉर्डवर कोसळली, त्याच ताफियॉर्डवर हेग्गुराक्सला नावाचा आणखी एक सैल कडा आहे. पूर्वी भेगेवर लक्ष ठेवणे म्हणजे वर चढून डोळ्यांनी पाहणे होते. आता भेगेच्या दोन्ही ओठांना बांधलेल्या तारा, विंधनविवरांतील मापके, उपग्रहाकडून येणारे संकेत, पलीकडच्या काठावरून रोखलेले रडार अशी साधने अहोरात्र मिलिमीटर मोजीत असतात. डोंगर अंतिमतः तुटण्यापूर्वी त्याची हालचाल वेगाने वाढते, ह्या तत्त्वावर सर्व मदार आहे. त्या वाढत्या वेगावरून काही दिवस आधी इशारा मिळावा आणि गावे रिकामी करावीत, अशी व्यवस्था आहे. २०१५ पासून ही जबाबदारी राष्ट्रीय पातळीवरील जलसंपत्ती व ऊर्जा खात्याकडे आहे.

आता नावाची गोष्ट. नॉर्वेत एकेकाळी सुमारे साडेसातशे कोमुने होत्या. १९६० च्या दशकात पुष्कळांची जोडणी होऊन त्या साडेचारशेच्या घरात आल्या. त्या फेऱ्यात नॉरडाल टिकले. पुढच्या मोठ्या जोडणीत मात्र, २०२० साली, संख्या ४२८ वरून ३५६ वर आली आणि नॉरडालने शेजारच्या स्टोरडालबरोबर एक चूल मांडली. तर्क उघड आहे. तरुण मुले शिकायला शहरात जातात ती परतत नाहीत, म्हाताऱ्यांची संख्या वाढते, आणि सोळाशे माणसांना शाळा, दवाखाना आणि कार्यालय स्वतंत्रपणे परवडत नाही. पुस्तकी हिशोबात हे अगदी बरोबर आहे. तरी प्रस्तुत लेखकाला वाटते, की 'माझ्या शेताच्या वरची भेग गेल्या वर्षीपेक्षा रुंद दिसते' असे सांगायला ज्या कचेरीत माणूस सहज चढून जात असे, ती एका घाटापलीकडे गेली तर त्याचे पाऊल थोडे जड होणारच. साधने हुकमी असली तरी ती बसविली आहेत निवडक डोंगरांवर. बाकीच्या कड्यांवर अजून मेंढपाळाचाच डोळा आहे.

दोन गावांनी एकत्र यायचे तर नाव कोणाचे ठेवायचे, हा प्रश्न आपल्या वाचकांनाही परिचित असेल. त्यांनी दोघांचीही नावे बाजूला ठेवून नव्या कोमुनेला नुसते 'फियॉर्ड' म्हटले. हजारो फियॉर्डांच्या देशात हे नाव घ्यायला धिटाई हवी! एखाद्या तालुक्याने आपले नाव 'खाडी' किंवा 'घाट' असे ठेवावे, तसेच हे झाले. मात्र दुसऱ्या बाजूने पाहता, त्या लोकांना एकत्र आणणारे दुसरे होते तरी काय?

२००५ साली पश्चिम नॉर्वेतील फियॉर्ड जागतिक वारशाच्या यादीत गेले, आणि त्यात नॉरडालचा काही भाग, हेरडालसह, आला. तेव्हापासून उन्हाळ्यात प्रवाशांची रीघ असते. डोंगराने त्यांनाही आपली आठवण करून दिली आहे: २०२४ च्या उन्हाळ्यात दगड कोसळू लागल्यामुळे ट्रोलस्तीगेनचा रस्ता ऐन हंगामात बंद ठेवावा लागला, आणि वालडालच्या दुकानदारांचा तो उन्हाळा कोरडा गेला.

नकाशा अजून पसरलेला असेल तर मुलांना एक काम द्यावे. ओलेसुंडपासून बोट फिरवीत पूर्वेकडे न्यावे, पाणी जेथे दुभंगते तेथे डावीकडच्या शाखेला लागावे, आणि पाणी संपते तेथे थांबावे. ते ताफियॉर्ड. तेथे पोहोचण्याच्या थोडे आधी, बोटाखाली, हेग्गुराक्सलाचा कडा येऊन जातो.